आधी पाना, मग रेघ

"कुठला पार्ट पाहिजे?" बाबालालनं विचारलं.

"आमचाच," अप्पा म्हणाले.

बाबालाल मुल्ला मिरजेबाहेरच्या आपल्या भंगाराच्या आवारात एका मोटारीच्या मागच्या सीटवर बसला होता. मोटार नव्हती. नुसती सीट, चार विटांवर ठेवलेली, आणि शेजारी पाण्याचा माठ. बसण्याची ऐट मात्र अशी, की ड्रायव्हर जरा चहा प्यायला गेलाय, आला की निघायचंच.

"सगळ्यांना आपलाच पाहिजे असतो," तो म्हणाला. "गाडी कुठली ते सांगा."

"पिकअप. पांढरी. अंड्याची."

त्यानं सीटवरचे पाय खाली घेतले. "खिंडीतली?"

अप्पांनी मान हलवली.

"तुमी कोण तिचे?"

"मालक," अप्पा म्हणाले. मग, "ड्रायव्हरचा बाप."

बाबालाल उठला आणि त्यानं माठातलं पाणी आधी अप्पांना दिलं, मग मला. पाणी गार होतं आणि त्याला ग्रीसचा वास येत होता. या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि बिरूदादाला जाऊन पंचवीस दिवस झाले होते.

ती पिकअप माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती. अप्पांनी ती तिसऱ्या मालकाकडून घेतली, आणि त्या दिवसापासून तिला कुठल्याही गॅरेजचा उंबरा दाखवला नाही. अप्पा मेकॅनिक नव्हते. बोरवाडीच्या पाणीपुरवठ्याची मोटर ते वीस वर्षं चालू-बंद करत होते, एवढाच यंत्राशी संबंध. पण त्यांचं मत असं, की जे माणसानं जोडलंय ते माणसाला सोडता येतं, आणि गॅरेजवाल्याच्या हातात दिली की गाडी परकी होते. मग जुन्या बाजारातून पार्ट आणायचे, घरासमोरच्या लिंबाखाली पोतं अंथरायचं आणि गाडीखाली शिरायचं. डावीकडचा दिवा ट्रॅक्टरचा होता, त्यामुळे गाडी समोरून डोळा मारल्यासारखी दिसायची. बाजूचा आरसा आईचा. त्यात मागची वाहनं दिसायची नाहीत, पण भांग चांगला पाडता यायचा. ड्रायव्हरच्या दाराचं लॉक गेल्यावर अप्पांनी तिथं संडासाच्या दाराची कडी बसवली. दादा आत बसून कडी लावायचा तेव्हा मी बाहेरून दार वाजवून विचारायचो, "झालं का? माणसं खोळंबल्यात."

"तुज्या बापाचं डोकं हाय ते," दादा आतून म्हणायचा. "हस, हस. उद्या तुलाच चालवायचीय."

अप्पांच्या या कारभारात एक गोष्ट मात्र फार कडक होती. नट आवळून झाला की नटावरून खालच्या लोखंडावर उतरेल अशी नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारायची. नट जराही फिरला तर रेघ तुटते. रोज सकाळी बॉनेट उघडून रेघा बघितल्या की काम झालं. पॉलिश ते जतच्या बाजारात कासारणीकडून आणायचे. पहिल्यांदा आणायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "कुणासाठी, अण्णा? बायकोसाठी का पोरीसाठी?" अप्पा म्हणाले, "टेम्पोसाठी. उन्हात न उडणारी द्या." तिनं गुलाबी दिली. तेव्हापासून आमची गाडी आतून नटलेली असायची.

आणि रेघ मारण्याचा नियम एकच. आधी पाना, मग रेघ. आम्हा दोघा भावांना तो अंकलिपीच्या आधी पाठ होता.

गाडी आमच्या पोल्ट्रीच्या अंड्यांची, म्हणून दादा चाळीसच्या वर कधी जायचा नाही. बैलगाडीवाले त्याला हात दाखवून पुढं जायचे. त्या दिवशी सकाळी साडेसहाला, खिंडीतल्या वळणावर, रस्ता डावीकडे वळला आणि गाडी वळली नाही. सरळ गेली आणि कोरड्या ओघळीत पडली. दादा दवाखान्यात पोचेपर्यंत राहिला नाही. सगळ्या अंड्यांपैकी दोन ट्रे शाबूत राहिले. एका मेंढक्यानं ते पोटाशी धरून, पाच मैल चालत आमच्या घरी आणून दिले. आम्ही ती अंडी खाल्ली नाहीत आणि टाकलीही नाहीत. पोल्ट्रीची अंडी ती, त्यांतून काही निघणारही नव्हतं. पण आईनं ती देवळीत ठेवली.

पंचनाम्यात लिहिलं होतं, 'वाहन भरधाव वेगाने'. अप्पांनी ते तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

"अंडी घिऊन भरधाव?" ते म्हणाले. "लिवणाऱ्यानं कदी अंडं तरी हातात धरलंय का?"

मग दहाव्याला तो मेंढका पुन्हा आला. दाढी वाढलेला, घोंगडीवाला म्हातारा. कावळा घासाला शिवल्यावर तो अप्पांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पाव्हणं, सांगू का नगं, कळंना. तुमचं पोरगं चाक फिरवत हुतं. म्या बघितलं. असं, असं फिरवत हुतं. गाडी ऐकतच न्हवती."

त्यानं हवेत फिरवून दाखवलेलं ते चाक अप्पांनी बघितलं, आणि त्यानंतर ते जेवले नाहीत. कारण अपघाताच्या तीन दिवस आधी, रविवारी, आम्ही लिंबाखाली त्या गाडीचं स्टेअरिंग उघडलं होतं. चाकाचा दांडा खाली जिथं जोडला जातो तो जॉइंट झिजला होता. अप्पांनी मिरजेहून जुना, पण बरा जॉइंट आणला होता आणि आपल्या हातांनी बसवला होता.

"माज्या हातचं काम," ते त्या दिवसापासून म्हणत राहिले. दुसरं काहीच म्हणत नव्हते. कोंबड्यांना खाद्य घालताना, अंघोळीच्या दगडावर, आई रडत असताना, "माज्या हातचं काम. बघाय पायजे."

पण बघायला गाडी कुठं होती? आम्ही सुतकात असताना मामानं ती पोलिसांकडून सोडवून वजनावर भंगारात घातली होती. त्याला वाटलं, ती दारात नको. त्याचंही बरोबरच होतं. मामाला पत्ता विचारून आम्ही बोरवाडीहून सकाळच्या एसटीनं निघालो. अप्पा म्हणाले होते, "तू कशाला येतोस? घरी थांब." मी म्हणालो, "तुम्हाला चष्म्यातनं रेघ दिसायची न्हाई." ते खरंच होतं. पण मला यायचंच होतं, त्याचं कारण वेगळं होतं.

बाबालाल आम्हाला आवारात घेऊन गेला. आत सगळं जातवार लावलेलं. दारं एकीकडे, गिअरबॉक्स एकीकडे, सीटा एकीकडे. मधोमध एक लिंबाचं झाड, आणि त्याच्या फांद्यांना तारेनं टांगलेली वीस-पंचवीस स्टेअरिंगं. वारा आला की ती थोडी थोडी वळायची. सगळी एका वेळी, एकाच बाजूला.

"ही विकायची नाहीत," बाबालाल म्हणाला. "ज्या गाडीत माणूस गेला तिचं चाक मी विकत नाही. माझ्या वालिदांपासून तसंच आहे. बाकी सगळं विकतो, चाक नाही. माणसानं शेवटचं तेच धरलेलं असतंय. घरचे आले तर द्यायचं."

"येतात का?" मी विचारलं.

"एकजण आला होता. त्याला हॉर्न पाहिजे होता."

त्यानं एका फांदीकडे बोट केलं. दादाचं चाक मी ओळखलं. त्याला आईनं जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून दिली होती, उन्हात हात भाजू नयेत म्हणून. अप्पांनी ते बघितलं आणि नजर काढून घेतली.

"न्या की," बाबालाल म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "त्यानं फिरवलं तसं ते फिरलं. त्याचा काय दोष न्हाई."

गाडी भिंतीला टेकवून ठेवली होती. म्हणजे पुढचा निम्मा भाग. मागचा कापून गेला होता. ट्रॅक्टरचा दिवा तसाच. एक डोळा मिटून ती आमच्याकडे बघत होती. ड्रायव्हरचं दार चेपून आत गेलं होतं आणि संडासाची कडी आतून लावलेली होती. लोकांनी दादाला दुसऱ्या बाजूनं काढलं होतं. मी त्या दारापाशी उभा राहिलो आणि माझा हात दार वाजवायला वर गेला. सवय. मी तो खिशात घातला.

आता ती रविवारची दुपार सांगायला पाहिजे. अप्पा गाडीखाली पोत्यावर उताणे होते आणि मी वरून, बॉनेटमध्ये वाकलेला. जॉइंटला दोन नट. खालचा अप्पांच्या बाजूला, वरचा माझ्या. पॉलिशची बाटली तळाला गेली होती आणि उन्हानं घट्ट होत चालली होती. ब्रशला तार सुटत होती. म्हटलं, ही वाळायच्या आत रेघा मारून घेऊ, नट काय, नंतर आवळू. म्हणून मी वरचा नट बोटानं फिरवून बसवला आणि रेघ मारली. सुंदर आली होती. मग आणखी दोन नट होते दुसरे, त्यांच्याही मारल्या. मग आईनं जेवायला हाक मारली. मग अप्पांनी खालून विचारलं, "वरचा आवळलास का रं?"

"रेघ मारलीय की," मी म्हणालो.

"मग झालं," अप्पा म्हणाले.

जेवून आल्यावर मी पाना हातात घेतल्याचं मला आठवतं. चौदाचा. दुसरे दोन नट आवळल्याचं आठवतं. तो आवळल्याचं आठवत नव्हतं. नाही आवळला, असंही आठवत नव्हतं. तिथं नुसतं भोक होतं. त्या पंचवीस दिवसांत मी तो नट मनात दोनशे वेळा तरी आवळला असेल. मनात तो दर वेळी घट्ट बसायचा.

अप्पांनी चष्मा लावला. दांडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा. ते गुडघ्यावर बसले आणि वाकड्या पत्र्याच्या आत खांद्यापर्यंत हात घातला. दांडा जॉइंटमधून निसटून बाजूला लोंबत होता. जॉइंट खाली आपल्या जागी होता. अप्पांचा हात चाचपडत गेला आणि थांबला. बराच वेळ थांबला. लिंबावरची चाकं एकदा इकडं वळली, एकदा तिकडं.

"मायाप्पा," ते म्हणाले. हात आतच. "वाकून बघ. रेघ हाय का?"

मी भिंतीच्या बाजूनं डोकं आत घातलं. त्यांचा अंगठा आणि बोटं जॉइंटवर होती, आणि बोटांच्या फटीतून गुलाबी रेघ दिसत होती.

"हाय," मी म्हणालो.

"तुटलीया?"

"न्हाई. सलग हाय."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. नटावरून सरळ खाली उतरली होती. केसाएवढी चीर नव्हती.

"सलग हाय, अप्पा. नट हललाच न्हाई."

"मग काम बरोबर हुतं," अप्पा म्हणाले. "दोघांचंबी."

आणि मला आनंद झाला. भाऊ गेल्याला पंचवीस दिवस झालेत, त्याची अर्धी गाडी समोर आहे, आणि मला असा आनंद झाला की तोंडातून हसू फुटेल म्हणून मी दात आवळून धरले. दात तरी नीट आवळता आले.

"मग गाडी का वळली न्हाई?" मी विचारलं.

"आडवं आलं आसंल कायतरी. कुत्रं-बित्रं. त्याला चुकवायला गेला आसंल."

मेंढक्यानं कुत्र्याचं नाव काढलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते कुत्रं आमच्या घरात राहिलं. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढच्या वर्षीपर्यंत ते काळं झालं होतं. वर्षश्राद्धाला आत्यानं विचारलं, "पिसाळलेलं हुतं का?" तर अप्पा म्हणाले, "न्हाई, साधंच."

"हा जॉइंट आम्हाला पाहिजे," अप्पा बाबालालला म्हणाले.

"सोडून घ्या. त्याचं काय घ्यायचं तुमच्याकडनं!"

"मी सोडतो," म्हणून मी पाना घेतला.

"खालचा सोड," अप्पा म्हणाले. "वरच्याला हात लावू नको. वरचा माज्या हातात ऱ्हाऊ दे."

खालचा नट अप्पांनी आवळलेला. तो काही केल्या सुटेना. मी पान्याला पाइप घालून ओढला, शेवटी त्यावर उभा राहिलो, बाबालालचा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून वजन देत होता. तेव्हा कुठं तो कर्रकन आवाज करून सुटला. तेवढा वेळ अप्पा दोन्ही हातांनी जॉइंट धरून बसले होते, पाखरू धरल्यासारखे.

परतीच्या एसटीत ते खिडकीपाशी बसले. जॉइंट उजव्या मुठीत, मूठ मांडीवर.

"द्या की, मी धरतो," मी म्हणालो. "कळ लागंल."

"नगं."

कंडक्टर आला. पैसे उजव्या खिशात होते. त्यांनी मूठ सोडली नाही. मला खिशात हात घालायला लावलं. कवठेमहांकाळला गाडी थांबली तेव्हा मी भजी आणली, ती त्यांनी डाव्या हातानं खाल्ली. जिंदगीत कधी डाव्या हातानं घास न घेणारा माणूस. रस्ता खराब होता, गाडी धडाधडा आदळत होती, आणि आदळली की त्यांची बोटं पांढरी व्हायची. मला वाटलं, पोराची शेवटची वस्तू आहे, धरणारच. मी खिडकीकडे तोंड करून पोटभर रडलो. बरं वाटत होतं रडायला. हातून काही झालेलं नसलं की रडायला सोपं जातं.

घरी आल्यावर त्यांनी आईच्या त्याच लुगड्याची एक चिंधी घेतली, जॉइंटभोवती गुंडाळली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळली आणि तो हत्यारांच्या पेटीत तळाला ठेवला. मग हात धुतले. उजवा हात त्यांना दोन दिवस नीट उघडता येत नव्हता.

त्यानंतर अप्पांनी पाना धरला नाही. कोंबड्या विकल्या. देवळीतली अंडी एक दिवस दिसेनाशी झाली, ती कुणी काढली ते मी विचारलं नाही. मी सांगलीत एका दुकानात चिकटलो. दुकानात टायर विकतात, पण मी बिलं करतो.

यंदा उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो. पाण्याच्या टाकीचा नळ गळत होता. अप्पा ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "पेटीत बघ, चौदाचा आसंल." मी पेटी उपसली. पाना तळाला, आणि त्याच्याजवळ ते चिंधीचं गाठोडं.

मी ते उघडायचं काही कारण नव्हतं. ट्यूबची पट्टी वाळून तडकली होती, हात लावताच तुटली. चिंधी सुटली, जॉइंट माझ्या तळहातावर आला आणि खुळखुळला.

मी तो स्थिर धरला. आवाज थांबला. जरा हलवला. खुळखुळ. वरचा बोल्ट आपल्या भोकात वाजत होता. नटावरची रेघ सलग होती, गुलाबी, आणि त्या वाळलेल्या पॉलिशनंच नट धरून ठेवला होता. पाना त्याला कधी लागलाच नव्हता. मी दोन बोटांत नट धरला आणि फिरवला. रेघ टचकन तुटली आणि नट फिरला. बाटलीच्या टोपणासारखा.

मग मला ती मूठ दिसली. मिरजेपासून बोरवाडीपर्यंत, डाव्या हातानं भजी खाताना, खड्ड्याखड्ड्यावर पांढरी होणारी. आवाज होऊ नये म्हणून.

ओसरीवर अप्पा खोकले.

मी चौदाचा पाना घेतला. नट आवळला. सात वर्षं उशिरा, पण चांगला आवळला, हात दुखेपर्यंत. तुटलेल्या रेघेचे दोन तुकडे आता एकमेकांपासून लांब गेले होते, एक नटावर, एक खाली. चिंधीत गुंडाळून मी तो होता तिथं ठेवला आणि नळ दुरुस्त केला.

"घावला पाना?" अप्पांनी विचारलं.

"घावला."

"जाग्यावर ठेवला?"

"ठेवला."

"बरं," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

दिवाळीला पुन्हा गेलो तेव्हा नळाचं काही निमित्त नव्हतं. अप्पा देवळात गेले होते. मी पेटी उघडली. चिंधी धुतलेली होती, वर नवी ट्यूबची पट्टी. जॉइंट काढला. तुटके तुकडे खरवडून काढलेले, आणि नटावरून खाली एक नवी रेघ मारलेली. गुलाबी मिळाली नसावी. ही डाळिंबी होती. जरा वाकडीही होती. अप्पांचा हात आता थरथरतो.

मी जॉइंट कानाशी धरून हलवून बघितला. आवाज आला नाही.